मावशी, त्या फॉर्मात रकाना होता

मावशी,

तुझा दहावा होऊन चार दिवस झाले आणि आज मी ड्युटीवर गेले. सकाळची शिरूर-चौफुला गाडी, ड्रायव्हर नेहमीचेच पवार मामा. न्हावऱ्याला कॉलेजची पोरं चढली, मी तिकिटं फाडली, घंटी मारली. पारगावच्या स्टॉपवर माझी नजर आपोआप दाराकडे गेली. गावाहून, राहूहून, जीपनं येऊन तू तिथं उभी राहायचीस, हातात पिशवी आणि पिशवीत कोर्टाची फाइल. आज तिथं दोन बायका शेळी घेऊन चढायला बघत होत्या. मी नको म्हटलं, त्या भांडल्या, मग मीही भांडले. तेवढ्यापुरतं बरं वाटलं.

चौफुल्याला चहा पिताना पवार मामा म्हणाले, "बाई, त्या पारगावच्या म्हाताऱ्या दिसंनात लई दिस."

"गेल्या त्या," मी म्हटलं.

"आरारा. तुमच्या गावच्याच ना त्या?"

"व्हय," मी म्हटलं आणि चहा संपवला.

मला रडू येत नाही, हे आधीच सांगून टाकते. गावातल्या बायकांनी ते बघितलंय. दहाव्याला नदीवर सगळ्या पदर डोळ्याला लावून उभ्या होत्या आणि मी माझी चप्पल कुठं राहिली ते शोधत होते. 'सावत्र पोर, तिला काय,' असं पाठीमागं कुणीतरी म्हणालंच. मला त्याचा रागही आला नाही. सुई दिलेली जागा बधिर होते, बोट लावलं की बोट लावल्याचं कळतं आणि बाकी काही कळत नाही, तसं चाललंय माझं. तू छातीत दुखतंय म्हणालीस, आम्ही जीप केली, यवतला पोचायच्या आत सगळं संपलेलं होतं. तेव्हापासून हे असंच आहे.

काल दौंडहून वकीलबाईंचा फोन आला. दावा तुझ्या नावाचा आहे आणि तूच गेलीस. नव्वद दिवसांत तुझ्या जागी वारस लावला नाही तर दावा आपोआप मिटतो. 'तुम्ही लागणार का, का सोडून द्यायचं?' त्यांनी विचारलं. मी उद्या येऊन सांगते म्हटलं. म्हणून आज ड्युटी संपल्यावर तशीच खाकी कपड्यांत दौंडला गेले. तिथं त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. तिच्यापाशी मी हळूहळू येते. एकदम यायची माझी हिंमत नाही.

मी नऊ वर्षांची होते. आईला जाऊन दोन वर्षं झालेली, मी आत्याकडे राहत होते आणि आप्पा फौजेत. एका सुट्टीत ते तुला घेऊन आले. "हिला मावशी म्हन," असं सांगून ते बैलांकडे गेले. तू उंबऱ्यावर उभी, हातात पत्र्याची पेटी. मी तुला म्हटलं, "ही आमच्या आईची जागा हाय, हितं पेटी ठिवायची न्हाई." तू पेटी उचललीस आणि दुसऱ्या भिंतीला ठेवलीस. ती पेटी अजून त्याच भिंतीला आहे. परवा मी तिथून हलवायला गेले आणि परत ठेवली.

तुझं पहिलं लग्न तेराव्या वर्षी झालेलं. नवरा दारू प्यायचा, हात उचलायचा. शेवटी तुझ्या भावानं पंच बसवले आणि काडीमोड झाली. आपल्यातली जुनी रीत. पंचांसमोर नवऱ्यानं वाळली काडी घ्यायची, मोडायची, टाकायची, की बाई मोकळी. मग आप्पांबरोबर तुझा पाट लागला. पाट म्हणजे लग्नच, फक्त बँड नाही आणि पत्रिका नाही. गावात कुणाला त्यात काही वाटलं नाही. आप्पांनी युनिटच्या क्लार्कला सांगितलं, तर तो म्हणाला, बाईच्या पहिल्या घटस्फोटाचा कोर्टाचा कागद आणा, मग नाव चढवतो. आप्पा म्हणाले, आमच्यात काडी मोडतात, कोर्ट कशाला. पुढच्या सुट्टीत बघू म्हणाले. मग त्याच्या पुढच्या. अशा सुट्ट्या करत करत ते रिटायर होऊन घरी आले आणि कुरकुंभच्या कंपनीत सिक्युरिटीला लागले. फौजेच्या कागदांवर त्यांची बायको म्हणून माझी मेलेली आईच राहिली.

माझा घटस्फोट झाला तो मात्र रीतसर, शिरूरच्या कोर्टात. तारखांना तू राहूहून यायचीस, व्हरांड्यात माझ्या शेजारी बसायचीस. चौथ्या वर्षी एकदा वैतागून म्हणालीस, "आमचं बरं हुतं बाई. एका काडीत भागायचं." मी म्हटलं, "तुझ्या काडीचा कागद तरी हाय का?" तू म्हणालीस, "आन् तुझ्या कागदानं काय केलं गं चार वर्सं?" हे आपलं भांडण कधी मिटलं नाही. जेवताना, भाजी निवडताना, गाडीत, कुठंही परत सुरू व्हायचं. आता त्याचा शेवट मला एकटीलाच करायचाय आणि खरं सांगू, मला तुझी बाजू घ्यावीशी वाटते.

आप्पा शेवटी आजारी पडले तेव्हा त्यांना पुण्याला फौजेच्या दवाखान्यात ठेवलं होतं. तू एकवीस दिवस तिथल्या बाकावर काढलेस. गेटवर तुला रोज एक पास मिळायचा. तो तू ब्लाउजमध्ये जपून ठेवायचीस. एकदा माझ्यापुढे धरलास, "सुरे, काय लिवलंय बघ ह्यात." त्यावर तुझं नाव होतं आणि पुढं नात्याच्या जागी लिहिलं होतं, मदतनीस. मी म्हटलं, "सोबत आलेली बाई, असं हाय." तू पास उलटा करून मागं काही आहे का बघितलंस. मागं कोरं होतं.

आप्पा गेले आणि तू पेन्शनला अर्ज केलास. ऑफिसचं उत्तर आलं. रेकॉर्डला दुसऱ्या पत्नीची नोंद नाही, अर्जदार बाईचा पहिला विवाह कायद्यानं संपल्याचा पुरावा नाही, सबब कोर्टाचा निर्णय आणावा. साहेब लोक वाईट नव्हते. एकानं तर तुला खुर्ची दिली, पाणी दिलं. त्यांच्यापुढं फाइल होती आणि फाइलीत तू नव्हतीस. म्हणून दौंडच्या कोर्टात दावा लावला. मागणं एका वाक्याचं, हौसाबाई ही माझ्या आप्पांची कायदेशीर पत्नी आहे असं जाहीर व्हावं. पेन्शन, दवाखान्याचं कार्ड, सगळं त्या वाक्यावर अडलेलं. तुला त्यातलं कार्डाचं फार नव्हतं. तू वकीलबाईंना विचारलंस, "मंजी मग पासावर काय लिवत्याल?" त्या म्हणाल्या, पत्नी. तू मान हलवलीस आणि अंगठा दिलास.

बिरू आबांची साक्ष आठवते ना? तुझ्या काडीमोडीला बसलेल्या पंचांतले ते एकटेच जिवंत होते. ऐंशीच्या पुढचे, खांद्यावर घोंगडं, त्यांना दोघांनी धरून पिंजऱ्यात उभं केलं. सरकारी वकिलानं विचारलं, "काडीमोड झाली म्हणता, त्याचा पुरावा काय? ती काडी कुठाय?"

आबा त्याच्याकडे बघतच राहिले. म्हणाले, "साहेब, मोडल्याली काडी कोन जपून ठिवतंय?"

जजसाहेबांनी खाली बघितलं. तू तोंडाला पदर लावून हसत होतीस, पार डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. त्या दिवशी आपल्याला वाटलं, जिंकलो. आबा मागच्या वर्षी गेले, पण त्यांचा जबाब आहे.

आता त्या फॉर्मकडे यायलाच हवं.

मी सतरा वर्षांची होते. पुण्यात माजी सैनिकांच्या मुलींच्या वसतिगृहात जागा मिळत होती, तिचा फॉर्म. सगळा इंग्रजीत. आप्पा म्हणाले, "तू भर, मी सही ठोकतो." आदल्या दिवशी मी ऐकलं होतं, तू त्यांना सांगत होतीस, "पोरीला लांब नगा धाडू." मला वाटलं, माझं शिक्षण हिच्या डोळ्यांत खुपतंय. आप्पांच्या फौजेच्या ट्रंकेवर कागद ठेवून मी फॉर्म भरायला बसले. पत्नीचं नाव, तिथं आईचं नाव लिहिलं आणि पुढं मयत. खाली विचारलं होतं, दुसरा विवाह केला आहे काय. असल्यास पत्नीचं नाव. मी 'नाही' वर खूण केली. इतकी जोरात की पेन कागदात रुतलं.

तेवढ्यात तू पाण्याचा तांब्या आणून कागदाच्या कोपऱ्यावर ठेवलास. गोल ओला डाग उठला. मी ओरडले तुझ्यावर. तू पदरानं पुसायला गेलीस, त्यानं शाई फिसकटली, मी आणखी ओरडले. मग तू विचारलंस, "सुरे, माझं बी नाव लिवायचं आसतं का त्यात?"

मी म्हटलं, "तुझ्यासाठी रकानाच न्हाई त्यात."

"आसं व्हय," म्हणालीस आणि भाकऱ्या करायला गेलीस. आप्पांनी न वाचता सही केली. मला जागा मिळाली. यवतच्या स्टँडवर तू मला सोडायला आलीस आणि शेंगदाण्याच्या चटणीचा डबा दिलास. मी गाडीत बसल्यावर वळून बघितलं नाही. लांब पाठवू नका असं का म्हणालीस, ते तू मला पंधरा वर्षांनी सांगितलंस, माझा संसार मोडल्यावर. "मला तेराव्या वर्सी लांब धाडलं. माघारी कोन इचाराया आलं न्हाई. तुझं बी तसंच हुईल म्हून भ्याले हुते." तेव्हाही मी विषय बदलला. बोलले असते तर फॉर्मचं सांगावं लागलं असतं.

आणि तोच फॉर्म सरकारी वकिलानं आप्पांच्या फौजेच्या फाइलीतून काढला. वकीलबाईंनी आपल्याला झेरॉक्स दाखवली, त्यांच्या त्या छोट्या ऑफिसात. म्हणाल्या, "हे फार वाईट आहे. तुमच्या पतीनं स्वतः लिहून दिलंय की दुसरी बायको नाही. कुणी दुसऱ्यानं भरला असेल तर आत्ता सांगा, मग याची किंमत उरत नाही." मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसले. त्यावर कुठल्या तरी बियाण्याच्या कंपनीची मका होती. तू कागद हातात घेतलास, जवळ धरलास, लांब धरलास.

"त्यांनीच लिवलंय," म्हणालीस.

"इंग्रजी येत होतं त्यांना?"

"फौजेत हुते की. समदं येत हुतं."

आप्पांना लेफ्ट-राइटच्या पुढं इंग्रजी येत नव्हतं. मी मनात म्हटलं, वाचले बाई मी. हिला वाचता येत नाही, हिला काय कळणार. मला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं, मावशी. याची मला लाज वाटते. आज लिहिताना सगळ्यात जास्त याचीच वाटते.

मग तुझी उलटतपासणी झाली. मी मागच्या बाकावर. वकिलानं विचारलं, "म्हणजे तुमच्या पतीनं स्वतःच्या हातानं लिहिलं की त्यांनी दुसरं लग्न केलेलं नाही?"

"व्हय."

"ते खोटं लिहितील का?"

तू पिंजऱ्याचा कठडा धरलास. "न्हाई. ते खोटं बोलत न्हवते कवा."

टायपिस्टनं ते टाइप केलं. टाइपिंगचा आवाज थांबला तेव्हा उठून उभी राहायला मला एक क्षण मिळाला होता. मी पाण्याची बाटली भरायला बाहेर गेले. परत येताना गाडीत तू खिडकीला डोकं टेकलंस, "उन्हानं डोकं दुखतंय," म्हणालीस. पुढच्याच आठवड्यात पवार मामांनी पहिल्यांदा विचारलं होतं, ह्या आजी कोण हो. मी म्हटलं, आमच्या गावच्या. तू माझ्या मागच्याच सीटवर होतीस. चौफुल्याला उतरताना तू त्यांना म्हणालीस, "चांगली पोरगी हाय ही, आमच्या गावची."

आज वकीलबाईंनी मला सांगितलं ते हे. त्या दिवशी मी बाटली भरायला गेले तेव्हा त्यांनी तुला बाजूला घेतलं. त्यांना आधीपासून संशय होता, सही वेडीवाकडी मराठी आणि फॉर्म सुबक इंग्रजीत. त्यांनी खोदून विचारलं तेव्हा तू झेरॉक्सच्या कोपऱ्यातल्या गोल डागावर बोट ठेवलंस.

"ह्यो तांब्या माझाच हाय," म्हणालीस. "पोरीनं लिवलं. बारकी हुती. पर हे भाईर काढायचं न्हाई. सरकारी नोकरी हाय तिची. खोटं लिवलं म्हून काढून टाकतील."

त्यांनी तुला समजावलं. नोकरी तिला तिच्या मार्कांवर लागलीय, या फॉर्मचा तिच्याशी संबंध नाही, काही होणार नाही. तू ऐकलं नाहीस. "तुमास्नी ठावं न्हाई सरकार कसं आसतं. मोडल्याल्या काडीचा कागद मागत्यात ते. हितं तर कागदच हाय." आणि मग म्हणालीस, "आन् तिला सांगू नगा, मला कळलंय म्हून. ती तोंड दाखवायची न्हाई मला परत."

त्यानंतर दोन वर्षं तू माझ्या गाडीत चढलीस. पिशवीतून बोरं काढून माझ्या हातावर ठेवलीस. माझ्याशी काडी आणि कागदावरून भांडलीस. सगळं माहीत असून. मी किती वेळा ठरवलं होतं, आज सांगायचं. पारगाव आलं की म्हणायचे, उतरताना सांगू. मी पण आप्पांचीच, पुढच्या सुट्टीत बघू म्हणणारी.

वकीलबाई पाणी पिऊन म्हणाल्या, "तुम्ही वारस म्हणून लागा आणि प्रतिज्ञापत्र द्या, की फॉर्म तुम्ही भरला, वय सतरा, वडिलांना इंग्रजी येत नव्हतं. दावा निघू शकतो. पण एक आहे. मग हौसाबाई शपथेवर खोटं बोलल्या, हेही त्यात लिहावं लागेल. त्याशिवाय पुढं जाता येत नाही."

हे मला पटकन कळलंच नाही. मग कळलं. तुला आप्पांची बायको ठरवायचं तर आधी तुला खोटारडी ठरवायचं. गावात कुणाचं पसाभर धान्य कधी जास्त घेतलं नाहीस तू. आणि ते लिहायचं कुणी, तर मी. पुन्हा एकदा फॉर्म माझ्याच हातात. मी विचारलं, सोडून दिलं तर? त्या म्हणाल्या, "सोडलं तर तुमच्या वडिलांनी त्यांना नाकारलं, हेच कागदावर शेवटचं राहतं." बाहेर कुणाची तरी तारीख पुकारत होते. मला दवाखान्यातला तो पास आठवला, तू उलटा करून बघितलेला.

तुला हे आवडलं नसतं. तू म्हणाली असतीस, "पोरी, नोकरी संभाळ, मेल्या माणसाला काय करायचाय कागद." ह्यावर मी तुझ्याशी भांडले असते. आज भांडायला तू नव्हतीस, म्हणून मी लिहायला बसले. मराठीत, माझ्या हातानं. सदर फॉर्म मी भरला. वडिलांनी तो वाचला नाही. दुसऱ्या विवाहाचा रकाना फॉर्मात होता, तो मी जाणूनबुजून खोटा भरला. श्रीमती हौसाबाई यांना हे माहीत होतं. त्यांनी शपथेवर जे सांगितलं ते खोटं होतं. एवढं लिहिलं तरी माझा हात थांबला नाही. अजून बधिरच होता.

वकीलबाईंनी वाचलं. "त्या खोटं का बोलल्या, तेही एका ओळीत घाला. कोर्ट विचारणार."

मी पेन धरून बसले. नोकरीचं लिहावं असं वाटलं, ते खरं होतं. मग ते लिहिलं नाही. लिहिलं, 'कारण त्या माझी आई होत्या.' बत्तीस वर्षांत तो शब्द मी तुझ्यासाठी कधी वापरला नव्हता. लिहिला आणि मला समोरचा कागद दिसेनासा झाला. वकीलबाईंनी पंखा बंद केला, कागद उडू नयेत म्हणून. मी खाकी बाहीला डोळे पुसले.

त्यांनी ओळ वाचली, चष्मा काढला. अगदी हळू विचारलं, "रेकॉर्डला तुमची आई दुसरी आहे. ह्याला पुरावा काय देणार?"

मी म्हटलं, "त्यांचा खोटा जबाब."